शिवलेले कपडे 'बाहेरून' आले का?

'मध्ययुगात बाहेरचे लोक येईपर्यंत भारतात शिवणकाम माहीतच नव्हतं, सगळे फक्त धोतर-साडी गुंडाळत.' हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. नाशकात शोभायात्रेसाठी सातवाहनकालीन पोशाख करताना मलाही तो ऐकवला गेला, म्हणून हा खुलासा.

समज होणं स्वाभाविक आहे. जुन्या शिल्पांत न शिवलेलं वस्त्रच जास्त दिसतं, सोवळ्यालाही तेच चालतं आणि पायजमा हा शब्द फारसीतून आलेला आहे. पण शब्द नंतर आला म्हणजे सुई नंतर आली, असं होत नाही. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात, ३२व्या सूक्तात, न तुटणाऱ्या सुईने शिवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातली नर्तकी बघा, तिच्या अंगात लांब बाह्यांचं शिवलेलं वस्त्र आहे. मथुरेच्या संग्रहालयातला मस्तक नसलेला कुषाण राजा (मध्ययुगाच्या कितीतरी आधीचा) तर लांब अंगरखा आणि जाड बुटांत उभा आहे.

आणि आपली नाशिकची पांडवलेणी, म्हणजे बौद्ध लेणी! दहाव्या लेण्यातल्या लेखात विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, २००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवल्याचं कोरलंय. त्याच्या व्याजातून २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. हे चीवर म्हणजे, विनयाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या आचारसंहितेच्या, नियमांप्रमाणे, तुकडे कापून जोडून शिवलेलं वस्त्र. हे वाचलं तेव्हा मी खरोखर हरखून गेले.

पडताळायचं असेल तर आधी मूर्तीच्या बाह्या, गळा आणि काठ नीट बघा. गुंडाळलेल्या कापडाला चुण्या पडतात, शिवलेलं दंडाला घट्ट बसतं. मग त्या मूर्तीचा काळ शोधा.