जर्मन भाषेतलं 'देखणं'

ज्याच्याकडे बघत राहावं तो देखणा. शब्दातच 'देखणे' आहे, पण बोलताना ते लक्षात येत नाही. जर्मन शिकायला लागलं की लवकरच भेटणारा 'श्योन', म्हणजे सुंदर, हा शब्दही असाच घडलाय. त्याचं कूळ 'शाउएन', म्हणजे पाहणे, या क्रियापदाचं.

जर्मन, डच, इंग्रजी, आइसलँडिक या भाषांची आई म्हणजे आद्य जर्मॅनिक. तिच्यातलं हे विशेषण लिहिलेलं कुठेच सापडत नाही. म्हणून लेकींची रूपं शेजारीशेजारी मांडायची: प्राचीन उच्च जर्मनमधलं 'स्कोनी', चौथ्या शतकात झालेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरातलं 'स्काउन्स'. त्यांवरून मूळ रूप ठरतं *स्काउनिझ. आधीची तारका सांगते की हे रूप तर्काने उभं केलेलं आहे.

पण नुसत्या तर्कावर विश्वास ठेवायचा का? इथे साक्षीला येते फिनिश. ती या घरातली नव्हेच, तिचं गोत्र हंगेरियनचं. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी तिने हा शब्द शेजाऱ्यांकडून घेतला. शब्दारंभीचं जोडाक्षर तेव्हा तिच्या जिभेला पेलत नसे, म्हणून 'स' गळाला. शेवट मात्र टिकला. फिनिशमध्ये आजही सुंदर म्हणजे 'कौनिस'. लेकींनी झिजवलेला दागिना शेजारणीने जपून ठेवावा, तसं हे. मला तरी या शास्त्रातलं याहून मोठं सुख माहीत नाही.

जर्मनमध्ये शेवटची 'इ' झिजली, पण जाताना खूण ठेवून गेली. पुढे 'इ' म्हणायची म्हणून जीभ आधीच पुढे सरकायची, त्यामुळे 'स्कोनी'तला 'ओ' बदलून 'श्योन'मधला स्वर झाला. याच शब्दाच्या क्रियाविशेषणाला, 'स्कोनो'ला, शेवटी 'इ' नव्हती, म्हणून त्याचा 'ओ' शाबूत राहिला. तेच आजचं 'शोन'. 'छान, नीट' या अर्थावरून ते 'आधीच, एव्हाना'वर येऊन पोचलं. इंग्रजीत या शब्दाची 'शीन', म्हणजे झळाळी, झाली. डचमध्ये 'स्खोन' म्हणजे मुख्यतः स्वच्छ.

त्याही मागे गेलं तर पाहण्याचा, जाणण्याचा एक इंडो-युरोपीय धातू मिळतो. त्याच्या आरंभीचा 'स' काही भाषांत असतो, काहींत नसतो. तो नसलेला, संस्कृतातला त्याचा वंशज ऋग्वेदात द्रष्ट्यासाठी येतो: कवि.