होरी-होरी आणि खुरपं: एक उभी घुसते, दुसरं आडवं चालतं

बागकामाची अवजारं ऑनलाइन विकताना होरी-होरी या खणायच्या जपानी सुरीला बऱ्याचदा 'जपानी खुरपं' म्हटलं जातं. या नावावर भरवसा ठेवून ती वाफ्यातलं तण काढायला घेतली, तर मनगट भरून येतं आणि तण निम्मं जागेवरच राहतं. उलट घट्ट जमिनीत खड्डा करायला खुरपं टोचलं, की त्याचा शेंडा वळतो किंवा मूठ सुटते. दोन्हींना पातं आहे, लाकडी मूठ आहे, दोन्ही बसून एका हातानं चालवायची आहेत, म्हणून घोळ होतो. फरक आहे तो चालीचा. खुरपं मातीत आडवं चालतं, होरी-होरी उभी घुसते. दोघांची सगळी घडण यातूनच आली आहे.

जपानीत 'होरु' म्हणजे खणणं. त्याचंच 'होरी' हे रूप दोनदा घेऊन हे नाव झालंय, आपल्या 'खणाखणी'सारखं. जपानमध्ये ही सुरी डोंगरातल्या रानभाज्या खणायला आणि बोन्सायसाठी रोपं मुळांसकट उचलायला वापरतात, म्हणून तिथे तिला रानभाजीची सुरी असंही म्हणतात. पातं साधारण 16 ते 18 सेंटिमीटर लांब, मुठीसकट लांबी 30 सेंटिमीटरच्या आसपास. पातं सपाट नसतं, पन्हाळीसारखं किंचित खोलगट असतं. त्यामुळे ते सहजासहजी वाकत नाही आणि वर काढताना माती सोबत घेऊन येतं. एका कडेला धार, दुसरीला करवतीसारखे दाते, मधे बहुतेक वेळा खोलीच्या खुणा कोरलेल्या. पात्याचं शेपूट मुठीत सरळ रेषेत जातं, म्हणून तळव्याचा जोर थेट टोकावर पोचतो.

खुरप्याचं तसं नाही. त्याचं पातं सपाट आणि रुंद, आणि मुठीपाशी त्याला बाक दिलेला असतो. हा बाक बघायचाच असेल तर खुरपं फरशीवर टेकवून धरा: पातं फरशीला लागलेलं असतं आणि मुठीवरची बोटं मात्र वर मोकळी राहतात. म्हणूनच दिवसभर खुरपताना बोटांची सालटी निघत नाहीत. होरी-होरी तशी आडवी धरून पाहा, बोटांचे सांधे मातीत घासतात. तण काढताना मनगट का दुखतं ते इथेच कळतं.

खरं तर जपान्यांनाही ही दोन कामं वेगळीच वाटली. तण खरवडायला त्यांच्याकडे नेजिरी-गामा आहे, म्हणजे पिळलेला विळा: आखूड दांडा आणि वळवलेलं छोटं पातं, जे मातीच्या वरच्या थरातून आपल्याकडे ओढायचं. 'जपानी खुरपं' हे नाव द्यायचंच तर त्याला द्यावं.

आता कोणतं कधी. तण दोन ते चार पानांचं असेल आणि जमिनीत वाफसा असेल, म्हणजे ती ना चिखल ना कोरडी अशी असेल, तर खुरप्याला तोड नाही. पातं जवळजवळ आडवं धरून 2 ते 3 सेंटिमीटर खाली घालायचं आणि ओढत न्यायचं. तण मुळाशी कापलं जातं, वरचा कडक पापुद्रा फुटतो आणि खालची ओल लवकर उडत नाही. कोळपणीबद्दल, म्हणजे औतानं पिकाच्या ओळींमधली माती हलवण्याबद्दल, 'एक कोळपणी, अर्धं पाणी' म्हणतात, ते खुरपणीलाही लागू आहे. भांगलण म्हणा की निंदण, हे काम होरी-होरीनं होत नाही.

लव्हाळा या जमिनीखाली गाठी धरणाऱ्या तणापाशी मात्र खुरपं हरतं. खुरप्यानं पाती कापली जातात, गाठ खाली तशीच राहते आणि पावसाळ्यात काही दिवसांतच नवी पाती वर येतात. होरी-होरीनं करायचं ते असं: रोपापासून 5 ते 6 सेंटिमीटर अंतरावर पातं रोपाकडे किंचित कलतं ठेवून 12 ते 15 सेंटिमीटर खाली दाबा. मूठ हलकेच मागे कलवा, माती उचलली की थांबा. पाती धरून ओढू नका, नाहीतर दोऱ्यासारखं मूळ तुटतं आणि गाठ हरवते. बोटांनी माती झाडत त्या दोऱ्याचा माग काढला, की करड्या-काळपट गाठी एकापुढे एक सापडतात. त्या कंपोस्टात टाकू नका, तिथेही त्या उगवतात.

कंद लावायलाही होरी-होरी नेमकी आहे. निशिगंधाचा कंद 5 ते 7 सेंटिमीटर खोल जातो. त्या खुणेपर्यंत पातं घालायचं, मूठ पुढे-मागे हलवून फट रुंद करायची, कंद सोडायचा, माती दाबायची. गच्चीवरच्या बागेत कुंडीची भिंत आणि मातीचा गड्डा यांच्यामधून पातं फिरवलं, की रोप अलगद निघतं. तळाशी गोल गुंडाळलेली मुळं दात्यांच्या कडेनं कापता येतात. पेन्सिलीएवढ्या जाडीपर्यंत ठीक, त्यापुढे कात्री किंवा करवत घ्या.

होरी-होरी मोडते ती बहुतेक एकाच कारणानं: तिची पहार केली जाते. दगड किंवा जाड मूळ उचकटताना सगळा ताण मुठीच्या तोंडाशी, पात्याच्या मानेवर येतो आणि तिथेच ती वाकते किंवा तुटते. नुसत्या मनगटाच्या जोरानं हललं नाही, तर कुदळ किंवा पहार आणा. कोकणातल्या जांभ्यात तर टोक आधी सावकाश टोचून अंदाज घ्यावा. काळ्या जमिनीत ओल जास्त असताना खोलगट बाजूत चिखल गच्च बसतो आणि प्रत्येक वेळी खरवडावा लागतो, म्हणून वाफशाची वाट बघणं बरं. घेताना पात्याचं शेपूट मुठीत शेवटपर्यंत गेलंय का, ते रिव्हेटनं पक्कं केलंय का, हे आधी बघा. मानेला जोड देऊन चिकटवलेलं पातं घेऊच नका.

धार लावायची पद्धतही वेगळी. खुरपं लोहाराकडून पाजवून आणता येतं, तो पातं तापवून, ठोकून पुन्हा पाणी देतो, म्हणजे तापलेलं पातं झटकन गार करून कडक करतो. होरी-होरी भट्टीत घालू देऊ नका, तिचं मूळचं पाणी उतरतं. तिला कानसच पुरते: धारेचा उतार ज्या बाजूला घडवलाय त्याच बाजूनं, एकाच दिशेनं आठ-दहा हात मारा. दात्यांच्या कडेला सपाट कानस लावू नका, दाते बोथट होतात. पातं साध्या पोलादाचं असेल तर पावसाळ्यात रात्रभर ओलं राहिलं तरी गंजतं. धुऊन, पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की भागतं.

काम झालं की होरी-होरी म्यानात घाला. दोन्ही कडा कापणाऱ्या आहेत आणि उकिडवं बसल्यावर गुडघा पात्याच्या अगदी जवळ असतो. परदेशातून कुणी आणणार असेल, तर ती विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात द्यावी लागते.