मानवशास्त्रातला ‘वंश’

साताऱ्यातल्या अभ्यासिकांमध्ये हल्ली मानवशास्त्राच्या, म्हणजे माणसाचं शरीर आणि समाज या दोन्हींचा अभ्यास करणाऱ्या विषयाच्या, नोट्स दिसू लागल्या आहेत. केंद्राच्या परीक्षेत हा वैकल्पिक विषय 250-250 गुणांच्या दोन पेपरांचा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा वैकल्पिकांच्या यादीत तिथेही तो आला. गंमत अशी की विषयाचं नावच अजून ठरलेलं नाही. कुठे ‘मानववंशशास्त्र’, कुठे ‘मानवशास्त्र’, आणि हिंदी नोट्स घेतल्या तर ‘नृविज्ञान’.

भांडण आहे ते मधल्या ‘वंश’ या शब्दाशी. आपल्याकडे वंश म्हणजे घराण्याचा. वंशावळ, वंशाचा दिवा वगैरे. इंग्रजी अमलात त्याच शब्दात ‘रेस’, म्हणजे शरीराच्या ठेवणीवरून माणसांचे गट पाडण्याची कल्पना, येऊन बसली. 1901 च्या जनगणनेच्या काळात तर नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावण्यापर्यंत साहेबांची मजल गेली होती. 1871 पासूनच्या कायद्यांनी कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये ते कायदे गेले, शिक्का गेला नाही. आपल्या भागातल्या कुठल्याही पारधी वस्तीवर विचारावं. ‘वंश’ ठेवावा म्हणणारे सांगतात, इथे अर्थ फक्त माणसाच्या उत्पत्तीचा आहे. शारीरिक शाखेपुरतं ते चालेल. पण नातेसंबंध, बोली, उत्खननात सापडलेली खापरं, हेही याच विषयाच्या शाखांत येतं; ते सगळं वंशात कसं कोंबणार? मला तरी ‘मानवशास्त्र’च बरं वाटतं.

शाखांची वाटणी आपल्याकडे जरा विस्कटलीच. 1920 मध्ये कलकत्त्याला मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. 1939 मध्ये पुण्यातली एक जुनी संस्था संशोधनासाठी पुन्हा उघडली, तेव्हा भाषा, प्राचीन इतिहास आणि समाज-मानवशास्त्र एकाच आवारात होते, पण विभाग निरनिराळे. पुरातत्त्व आणि भाषाविज्ञान पुढे आपापल्या वाटेने वाढले. सातारा-सांगलीकडच्या बहुतेक महाविद्यालयांच्या वाट्याला आलं ते समाजशास्त्र. त्यामुळे इथला विद्यार्थी नातेव्यवस्था आणि जातीवर पानंच्या पानं लिहितो, कवटीचं किंवा रक्तगटांचं प्रकरण आलं की अडतो. पदवी याच विषयात हवी असेल तर बहुधा पुण्याची एसटी धरायची.

तरी या विषयाने साताऱ्याला हात लावलेला नाही असं नाही. कोयनेच्या धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी पुण्याच्या त्याच संस्थेने 1969 मध्ये प्रसिद्ध केली. पाहणी करणाऱ्या दोघींपैकी थोरल्या विदुषींनी बर्लिनमध्ये कवट्यांच्या मोजमापांवर डॉक्टरेट मिळवली होती. कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसांना मात्र त्यांनी विचारलं ते जमिनीबद्दल, घरांबद्दल, नव्या गावात कसं चाललंय त्याबद्दल.