लॉन लावून झाले, आता पुढे?
(पुणे परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार,

लॉन अंथरून, घमेली-फावडी आवरून आमची माणसे निघाली की दुसऱ्या सकाळपासून पाइप तुमच्या हातात असतो. पुढच्या तीन महिन्यांत लॉन मातीला धरते की नाही, हे बहुतांशी त्या पाइपवर ठरते. म्हणून हे पत्रक पंपाच्या खोलीत किंवा फ्रिजवर लावून ठेवा आणि घरी माळीकाका येत असतील तर त्यांनाही वाचून दाखवा.

आधी माती

लॉनचे दुखणे दिसते पानावर, पण असते मुळाशी. मांजरी-हडपसरकडे नदीकाठची काळी माती आहे, तर बावधन-कोथरूडच्या टेकड्यांच्या कडेला कुदळ मारली की मुरूम लागतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. मे महिन्यात त्या भेगेत बोट जाते आणि तिथली मुळे तुटतात. हिच्यात वाळू मिसळा असे बरेच जण सांगतात. थोडीशी वाळू घातली तर ही माती विटेसारखी आवळते, त्यामुळे आम्ही ते करत नाही. चांगले कुजलेले शेणखत घालायचे आणि पाणी बाहेर जाईल असा हलका उतार ठेवायचा, हेच उपयोगी पडते.

नव्या बंगल्यांत आणि रो-हाऊसमध्ये अडचण वेगळी असते. खाली सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे आणि रोलरने दाबलेला मुरूम, त्यावर चार बोटे लाल माती. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः असे एक काम केले होते. मुरूम न फोडताच वर लाल माती पसरली आणि गवत अंथरले. जूनभर ते सुरेख दिसले. जुलैच्या झडीत खाली पाणी तुंबले, गवत पिवळे पडले, उचलून पाहिले तर मुळांना कुजका वास. सगळे काढून, पहारीने फूटभर मुरूम फोडून आम्ही ते स्वखर्चाने पुन्हा लावून दिले. तेव्हापासून खणून पाहिल्याशिवाय आम्ही कुणालाच दर सांगत नाही.

तुम्हालाही हे घरी तपासता येईल. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार-पाच तासांनीही तसेच असेल तर निचरा नाही, आणि तो होईपर्यंत लॉन लावण्यात अर्थ नाही. मातीचा हिशेबही लक्षात ठेवा. सहा इंचाचा थर हवा असेल तर एक ब्रास (म्हणजे १०० घनफूट) माती २०० चौरस फुटांना पुरते. ५०० चौरस फुटांत कुणी एकच ब्रास टाकून गेला, तर थर अडीच इंचांचाही झालेला नसतो.

कोणते गवत

हरळी आपल्याच मातीतली. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. ऊन, दुष्काळ, मुलांचे क्रिकेट, सगळे सोसते आणि उखडली तरी पुन्हा फुटते, ‘हरळीची मुळी’ उगाच म्हणत नाहीत. मात्र तिला सावली अजिबात चालत नाही. मेक्सिकन किंवा कोरियन नावाने मिळते ते गवत मऊ, दाट आणि गालिच्यासारखे असते. ते सावकाश वाढते, त्यामुळे कापणी कमी लागते. पण कापणी टाळली की त्यात उशीसारखे उंचवटे येतात आणि मग जमीन पुन्हा सपाट करणे जिकिरीचे होते.

दिवसाला पाच तासही थेट ऊन येत नसेल, इमारतीची उत्तरेची बाजू असेल किंवा आंब्याखालची जागा असेल, तर आम्ही लॉन लावायला नाही म्हणतो. तिथे मंकी ग्रास किंवा सिंगोनियम लावा. काम हातचे जाते खरे, पण वर्षभरात विरळ होणारे लॉन गळ्यात मारणे आम्हाला पटत नाही.

पाणी

सर्वांत जास्त नुकसान इथे होते, आणि तेही प्रेमापोटी. रोज संध्याकाळी पाइप धरून पाच मिनिटे शिंपडले की वरचा अर्धा इंच ओला होतो. मुळे पाण्याच्या मागे जातात, म्हणून तीही अर्ध्या इंचातच राहतात. गेल्या उन्हाळ्यात एका घरी खुरप्याने चार इंचांचा चौकोनी तुकडा उचलला. वर हिरवेगार गवत, खाली बोटाच्या पेराएवढी मुळे आणि त्याखालची माती भाजलेल्या मडक्यासारखी कोरडी. मालकीणबाई रोज न चुकता पाणी घालत होत्या.

नवे लॉन अंथरल्यावर पहिले दोन आठवडे रोज पाणी हवेच. त्यानंतर मात्र अंतर वाढवा आणि देताना भरपूर द्या. लॉनवर उभ्या कडेचे चार-पाच स्टीलचे डबे ठेवा, स्प्रिंकलर सुरू करा आणि डब्यांत साधारण एक सेंटिमीटर पाणी जमायला किती मिनिटे लागतात ते लिहून ठेवा. एप्रिल-मेमध्ये एवढे पाणी आठवड्यातून तीनदा पुरते. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा. पावसाळ्यात आठ दिवस उघडीप पडली तरच. वेळ पहाटेची किंवा सकाळची ठेवा. रात्रभर पाने ओली राहिली तर बुरशीचे गोल तपकिरी डाग पडतात.

एक सेंटिमीटर म्हणजे ५०० चौरस फुटांना सुमारे ४६० लिटर. आठवड्याला तीनदा म्हणजे जवळजवळ १४०० लिटर. तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येत असेल तर लॉन २०० चौरस फुटांचेच ठेवा आणि बाकी जागेत फरशी किंवा झुडपे करा. हे आम्ही आधीच सांगतो, कारण मे महिन्यात वाळलेल्या लॉनकडे पाहताना आम्हालाही तितकेच वाईट वाटते.

कापणी आणि खत

एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. हरळी सव्वा ते दीड इंच ठेवा, उन्हाळ्यात थोडी वाढू द्या. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत तीन-चार आठवड्यांनी. गवत ओले असताना, विशेषतः काळ्या मातीवर, मशीन फिरवू नका, माती दबते. कापल्यावर शेंडे पांढरट, फाटलेले दिसले तर ब्लेडला धार लावायची वेळ झाली आहे.

युरिया १०० चौरस फुटांना १०० ग्रॅम, तोही जून ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये, दीड महिन्याच्या अंतराने. कोरड्या पानावर टाका आणि लगेच भरपूर पाणी द्या, नाहीतर पान जळते. शेणखत ताजे नको, त्यातून तणाचे बी येते. चाळलेले गांडूळखत चांगले.

युरिया देऊनही नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता समजा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यात हे नेहमी दिसते. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून सकाळी फवारा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग निघता निघत नाहीत.

लव्हाळा आणि हुमणी

लव्हाळा हे चिवट तण. त्याचा दांडा बोटांत फिरवला की तिकोनी लागतो, ही त्याची खूण. वरून ओढला तर दांडा हातात येतो आणि गाठी जमिनीतच राहतात. म्हणून लॉन लावण्याआधी आम्ही जमीन भिजवून तीन आठवडे थांबतो, उगवलेला लव्हाळा गाठींसकट खुरपून काढतो आणि हेच पुन्हा एकदा करतो. ग्राहकांना हे थांबणे जिवावर येते. तरीही थांबा.

वळवाचे पाऊस पडले की संध्याकाळी दिव्याभोवती तपकिरी भुंगेरे जमतात. त्यांच्या अळ्या म्हणजे हुमणी. ऑगस्टमध्ये लॉनचा एखादा भाग सतरंजीसारखा सहज उचलला गेला किंवा साळुंक्या तिथेच सारख्या टोचताना दिसल्या, तर खाली इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली पांढरी अळी शोधा. फूटभर चौकोनात पाच-सहा सापडल्या तर आम्हाला कळवा. आम्ही मेटारायझियम ही उपयोगी बुरशी ओल्या मातीत देतो. जूनमध्येच दिव्याखाली रॉकेल घातलेल्या पाण्याची परात ठेवली तर बरेच भुंगेरे तिथेच संपतात.

डिसेंबरचा फोन

दरवर्षी थंडी पडली की ‘लॉन मेले’ म्हणून फोन येतात. ते मेलेले नसते. रात्री पारा दहा-बारावर आला की हरळी आणि मेक्सिकन दोन्ही वाढ थांबवतात आणि तांबूस होतात. घाबरून युरिया आणि रोज पाणी दिले की मात्र मुळे खरोखर कुजतात. बुंधा नखाने खरवडून पाहा. आत हिरवट किंवा पांढरे ओलसर दिसले तर फेब्रुवारीच्या उन्हाची वाट पाहा.

कसलीही शंका आली तर फोन करण्याआधी खुरप्याने चार इंचांचा एक तुकडा उचला, मुळांसकट त्याचा फोटो काढा आणि शेवटचे पाणी व शेवटचे खत कधी दिले ते आठवून ठेवा. तुकडा परत जागेवर बसवून पायाने दाबा आणि त्यावर तांब्याभर पाणी घाला.