पार्श्वभूमी : दारू कोण पितं, कुणासोबत पितं?

चैत्रात पहाटे पेठ-सुरगाण्याकडे गेलं की मोहाखाली फुलं वेचणारी माणसं दिसतात. रात्रभर गळालेली फुलं ऊन चढायच्या आत टोपलीत भरायची, मग अंगणात वाळत घालायची. काही पोटात जातात, काही भट्टीला. सणा-लग्नाला दारू आली, तर आधी जमिनीवर धार सोडतात, देवाला आणि पितरांना. त्याच नाशिक जिल्ह्यात गंगापूर धरणाजवळ वाईनरीत पर्यटक रांग लावतात. मोहाची भट्टी मात्र गुन्हा. हा फरक प्रयोगशाळेत उमगत नाही. त्यासाठी माणसांत जाऊन बसावं लागतं, आणि मानवशास्त्राने तेच केलं.

१९४० मध्ये रूथ बन्झेल यांनी ग्वाटेमाला आणि मेक्सिकोतल्या दोन आदिवासी समाजांच्या पिण्याची तुलना केली. १९४३ मध्ये डोनाल्ड हॉर्टन यांनी अनेक समाजांची माहिती जुळवून मांडलं, की माणूस चिंता हलकी करायला पितो. खरा धक्का दिला ड्वाइट हीथ यांनी, १९५८ मध्ये. बोलिव्हियातले कांबा लोक जवळजवळ शुद्ध अल्कोहोल प्यायचे, झिंगून पडायचे. पण भांडणं नाहीत, व्यसन नाही. गोल करून बसायचं, एकच पेला, दुसऱ्याचं नाव घेऊनच घोट घ्यायचा. एकट्याने पिणं नाहीच. १९६९ मध्ये मॅकअँड्र्यू आणि एजर्टन यांनी तर दाखवलं, की झिंगल्यावर कसं वागायचं हेही माणूस समाजाकडूनच शिकतो. आपल्याकडे कार्स्टेअर्स यांना राजस्थानच्या एका गावात राजपूत दारू पिताना आणि ब्राह्मण भांग घेताना दिसले. दारूबद्दल ब्राह्मणांच्या मनात किळस होती. त्यांचा लेख १९५४ चा.

या अभ्यासात एक उणीव राहिली, आणि मला ती मोठी वाटते. १९८४ मध्ये रॉबिन रूम यांनी ती उघड बोलून दाखवली : पिण्यातला सोहळा टिपताना मानवशास्त्रज्ञ त्यातली हानी कमी लेखतात. त्यानंतर मेरिल सिंगर यांच्यासारख्यांनी विचारलं, की दारू विकून पैसा कुणाच्या हाती जातो?

आपल्या भागात हा प्रश्न जुना आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून घरची भट्टी सरकारच्या डोळ्यांत आली, दारू मक्तेदारांच्या हाती गेली आणि आदिवासी उधारीत अडकला. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात अंगात आलेली 'देवी' सांगू लागली : दारू-ताडी सोडा, दारूवाल्या सावकाराकडे कामाला जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तो इतिहास लिहिला आहे. लोकांनी स्वतःहून सोडलेली ती दारू होती.

आज गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी मतपत्रिकेवर 'आडवी बाटली', म्हणजे दारूबंदीची खूण, निवडली, तर परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टीला ती मतपत्रिका लागू नाही. तिथे बायका पदर खोचून स्वतः मडकी फोडायला जातात.