सुपोषण आणि समुद्रतळावरील प्राणी

सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेली खते यांमुळे किनाऱ्याजवळच्या पाण्यात नायट्रोजन व फॉस्फरस वाढले, की वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शेवाळे, बेसुमार माजतात. यालाच सुपोषण म्हणतात. ते मरून तळाशी बसतात आणि त्यांना कुजवताना जीवाणू ऑक्सिजन संपवतात. वर नदीचे गोडे, हलके पाणी पसरलेले असेल, तर खाली नवा ऑक्सिजन पोचत नाही. तो लिटरला सुमारे २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे पळ काढतात. चिखलात रुतलेल्या शिंपल्यांना ती सोय नसते.

या बिघाडाची सुरुवात फसवी असते. वाढीव अन्नामुळे आधी तळावरचे प्राणी वाढतातच. मग मोठे शिंपले आणि खोल बिळे करणारे कृमी नाहीसे होतात, त्यांच्या जागी कॅपिटेलासारखे दोऱ्याएवढे पॉलिकीट कृमी चौरस मीटरला हजारोंनी दिसू लागतात, आणि शेवटी तेही उरत नाहीत. पिअर्सन व रोझेनबर्ग या सागरी जीवशास्त्रज्ञांनी हा क्रम १९७८ मध्ये मांडला. बिळे करणारे गेले की चिखलाची नांगरट थांबते. ऑक्सिजन असलेला वरचा तपकिरी थर जेमतेम काही मिलिमीटर राहतो. खालचा गाळ लोह सल्फाइडमुळे काळा असतो आणि त्याला हायड्रोजन सल्फाइडचा, सडक्या अंड्यांचा वास येतो.

म्हणून नुसत्या संख्येवरून तळ निरोगी ठरवणे घातक आहे. जाती ओळखायलाच हव्यात. ग्रॅबने, म्हणजे तळाचा गाळ जबड्यात पकडणाऱ्या उपकरणाने, उचललेला गाळ ०.५ मिमी चाळणीवर हलक्या धारेने धुतात आणि वर उरलेले प्राणी फॉर्मॅलिनमध्ये टिकवून रोझ बेंगॉल या रंगाने रंगवतात. जोराच्या धारेने कृमी तुटतात, म्हणून मोजताना फक्त डोकी धरतात. १ मिमी चाळणी वापरली तर बारीक कॅपिटेला, म्हणजे नेमका प्रदूषणाचा पुरावाच, निसटतो. ग्रॅबच्या जबड्यात शिंपला अडकून गाळ गळाला असेल, तर तो नमुना टाकून द्यावा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस खोलातले कमी ऑक्सिजनचे पाणी निसर्गतःच वर येते. तेव्हा तुलना त्याच ऋतूतल्या नमुन्यांशी करावी.

हे झाले समुद्राचे. पुण्याचे सांडपाणी मात्र कोकणात उतरत नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते आणि ते पाणी उजनी धरणात साठते. त्यापुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराची वाट. उजनीसारख्या गोड्या पाण्यात सल्फेट कमी असल्याने गाळात सल्फाइडपेक्षा मिथेन जास्त बनतो. अशा तळावर कॅपिटेलाची जागा ट्युबिफेक्स कृमी आणि कायरोनोमस माशीच्या अळ्या घेतात. दोन्ही लालभडक, कारण तुटपुंजा ऑक्सिजन पकडणारे हिमोग्लोबिन त्यांच्या अंगात असते. नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेत सेंद्रिय घाण बरीच निघते, पण नायट्रोजन-फॉस्फरसचा मोठा वाटा तसाच पुढे जातो. त्यासाठी वेगळा टप्पा बसवावा लागतो. शिवाय ऑक्सिजन संपलेला गाळ लोहाशी बांधलेला जुना फॉस्फरस पुन्हा पाण्यात सोडतो, त्यामुळे वरून येणारा भार थांबवला तरी शेवाळ वर्षानुवर्षे येत राहू शकते.