जमिनीत मुरलेले द्रावक आणि उपशाचा वादग्रस्त उपाय

यंत्रांच्या सुट्या भागांवरचे तेल-ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन (टीसीई) आणि ड्रायक्लीनिंगला पर्क्लोरोइथिलीन ही द्रावके विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरात आली. ती सहजी पेट घेत नाहीत, हे त्यांचे मोठे आकर्षण होते. वापरलेले द्रावक मोकळ्या जमिनीवर ओतले की उडून जाते, अशी समजूत होती. थोडे उडायचे, बाकीचे मुरायचे. पाण्यातले अब्जांश प्रमाण नेहमीच्या तपासणीत मोजता येऊ लागले ते १९७० च्या दशकात, आणि चांगल्या समजल्या जाणाऱ्या विहिरींतही ही द्रावके सापडू लागली.

पुरलेल्या रसायनांवर उभ्या राहिलेल्या अमेरिकेतल्या लव्ह कॅनॉल वस्तीचे प्रकरण १९७८ मध्ये गाजले. अमेरिकेत १९८० मध्ये दूषित जागांच्या सफाईचा कायदा आला. त्यानंतर ठिकठिकाणी एकच उपाय निवडला गेला: विंधनविहिरींतून पाणी उपसायचे, हवा मारून द्रावक उडवून किंवा ते शोषून घेणाऱ्या सक्रिय कार्बनमधून गाळून शुद्ध करायचे. वादाचे मूळ या निवडीत आहे.

पाण्यात विरघळलेले द्रावक उपशाने निघते. पण टीसीईची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट. पेट्रोल भूजलावर तरंगते; टीसीई भूजल पातळी ओलांडून खाली जाते, चिकणमातीच्या थरावर साचते आणि थराच्या उताराने सरकते, प्रसंगी प्रवाहाच्या उलट दिशेनेही. तिथून ते वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेतली मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक लिटर टीसीई सुमारे २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नासवू शकते.

शिवाय ते चिकणमातीच्या आतही झिरपते. वाळूतले पाणी स्वच्छ झाले की तेच मातीतून उलटे बाहेर येऊ लागते. त्यामुळे उपसा सुरू केल्यावर आकडे आधी झपाट्याने उतरतात, मग एका पातळीवर अडून बसतात, आणि पंप थांबवला की पुन्हा चढतात. तपासणीची विहीरही घात करू शकते: चिकणमातीचा थर भेदला आणि केसिंगबाहेरची (विहिरीतल्या नळीभोवतीची) पोकळी बेंटोनाइट (फुगणारी माती) आणि सिमेंटने नीट बुजवली नाही, तर वरचा साठा थेट खालच्या जलधरात (पाणी साठवणाऱ्या थरात) उतरतो.

१९९३ मध्ये अमेरिकेत ‘तांत्रिकदृष्ट्या अव्यवहार्य’ ठरणाऱ्या जागांना शुद्धीकरणाच्या मर्यादेतून सूट देण्याची कार्यपद्धती ठरली. खर्च उचलणाऱ्यांना ती वास्तववादी वाटली, शेजारी राहणाऱ्यांना हात झटकणे वाटले. दूषित पाण्याला पुढे सरकू न देण्यासाठी उपसा आजही कामाचा आहे. मात्र ‘रोखणे’ आणि ‘साफ करणे’ ही दोन उद्दिष्टे सुरुवातीपासून वेगळी सांगायला हवी होती. ती न सांगितल्याने लोकांना कधीच न येणाऱ्या तारखांची वाट पाहावी लागली.

नंतर वाहत्या भूजलातले द्रावक विघटित करणाऱ्या, जमिनीत पुरलेल्या लोखंडाच्या चुऱ्याच्या भिंती, जमीन तापवणे, जिवाणूंकडून विघटन हे मार्ग आले. जिवाणूंचे काम अर्धवट राहिले तर विघटनाच्या मधल्या टप्प्यातले व्हिनाइल क्लोराइड साचते, आणि त्याची मर्यादा टीसीईहून कडक, लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. म्हणून निरीक्षण विहिरीत केवळ टीसीई घटल्याची नोंद पुरत नाही; विघटन पूर्ण झाल्यावर उरणारे इथीन तयार होतेय का, हेही तपासावे लागते.